ग्वायूलेतलं रबर आणि राळ कशी मोजायची: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

रबराचं झाड म्हटलं की आपल्याला दोडामार्गकडच्या बागा आठवतात. सालीला तिरकी खाच, खाली बांधलेली वाटी आणि वाटीत टपटपणारा पांढरा चीक. त्या झाडात रबर किती, हे ठरवणं त्यामानाने सोपं. चीक मोजा, थोडा चीक वाळवा, वजन करा.

ग्वायूलेच्या बाबतीत असं काहीच करता येत नाही. या झुडपाला खाच मारली तर वाटीत थेंबसुद्धा पडत नाही. रबर आहे, पण ते चिकाच्या नळ्यांमध्ये नाही. सालीतल्या सुट्या सुट्या पेशींत, प्रत्येक पेशीच्या आत सूक्ष्म कणांच्या रूपात ते कोंडलेलं असतं. पेशी फोडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. शिवाय त्याच सालीत राळेच्या वेगळ्या नलिका असतात. त्यामुळे झुडूप कुटलं की रबर आणि राळ एकमेकांत कालवली जातात, आणि त्यांना पुन्हा वेगळं करून दोघांची वजनं घेणं हे आपलं काम. प्रयोगशाळेत राळेला सगळे रेझिन म्हणतात. मी इथे राळच म्हणणार आहे.

हे झुडूप मूळचं उत्तर मेक्सिको आणि टेक्सासच्या नैऋत्य भागातल्या चिवावा वाळवंटातलं. पानं रुपेरी करडी, उंची साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत. नावाचा उच्चार ऐकणाऱ्याप्रमाणे बदलतो, ग्वायूले किंवा वायूली, आणि त्याच्या मुळाशी नाहुआत्ल भाषेतला रबरासाठीचा 'ओली' हा शब्द आहे. मराठी वाचकाला त्याची ओळख सर्वांत पटकन पटेल ती नात्यावरून: आपलं गाजरगवत आणि ग्वायूले एकाच पार्थेनियम वंशातले. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं आणि मग देशभर पसरलेलं गाजरगवत आपण उपटून टाकतो. त्याचं हे वाळवंटी भावंड मात्र दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सरकारी खर्चाने लावलं. आग्नेय आशियातल्या रबराच्या बागा जपानच्या हाती गेल्या आणि १९४२ मध्ये 'इमर्जन्सी रबर प्रोजेक्ट' सुरू झाला. कॅलिफोर्नियातलं सॅलिनास त्याचं केंद्र होतं, आणि सुमारे ३२ हजार एकरांवर ग्वायूलेची लागवड झाली. युद्ध संपलं, कृत्रिम रबर आलं, आणि बरीचशी झुडपं कापणीआधीच नांगरून टाकली गेली. आज ॲरिझोनात पुन्हा त्यावर मनापासून काम चाललं आहे. टायर बनवणाऱ्या ब्रिजस्टोनचं मेसा इथलं संशोधन केंद्र २०१४ मध्ये सुरू झालं.

वाण सुधारायचा असो, पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या असोत की कापणीची वेळ, प्रत्येक निर्णय एका आकड्यावर येऊन टेकतो: सुक्या वजनाच्या किती टक्के रबर. हा आकडा कसा काढायचा, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी हे मनात पक्कं करा

आपण जे मोजतो ते थेट 'रबर' नसतं. ॲसिटोनमध्ये जे विरघळलं त्याला आपण राळ म्हणतो, आणि त्यानंतर हेक्झेनमध्ये किंवा सायक्लोहेक्झेनमध्ये जे विरघळलं त्याला रबर. ही व्याख्या पद्धतीने ठरवलेली आहे. रबर म्हणजे सिस-१,४-पॉलिआयसोप्रीनच्या लांबच लांब साखळ्या. त्या ॲसिटोनमध्ये विरघळत नाहीत, हेक्झेनमध्ये विरघळतात. राळेत टर्पीनं, मेदाम्लं, ग्वायुलिन, अर्जेंटॅटिन अशी लहान रेणूंची गर्दी असते, आणि ती ॲसिटोन घेऊन जातं. क्रम उलटा करून चालत नाही. आधी हेक्झेन वापरलं तर रबराबरोबर राळेचाही मोठा भाग निघून येतो आणि रबराचा आकडा फुगतो.

यातूनच पुढची गोष्ट निघते. साखळी तुटली की रबर हळूहळू 'राळ' व्हायला लागतं. हवेतल्या ऑक्सिजनने साखळ्यांचे तुकडे झाले की लहान तुकडे ॲसिटोनबरोबर जातात. रबर कमी दिसतं, राळ जास्त दिसते, आणि झाडाचा त्यात काही दोष नसतो. ग्वायूलेच्या रबराला हा धोका जास्त आहे, कारण नेहमीच्या रबराच्या झाडाच्या चिकात जी नैसर्गिक संरक्षक द्रव्यं असतात ती यात फार थोडी. म्हणून माझं नव्या माणसाला पहिलं सांगणं हेच असतं: उपकरण शिकायला आठवडा पुरतो, नमुना सांभाळायला शिकण्यात खरा वेळ द्या. आकडा शेतापासून चक्कीपर्यंतच्या वाटेवरच बनतो किंवा बिघडतो.

शेतातून नमुना घेताना

बांधाकडची झुडपं घेऊ नका. त्यांना पाणी, ऊन आणि जागा वेगळी मिळते. वाफ्याच्या मधल्या ओळींतून, ठरवून आणि क्रमाने झुडपं निवडा. डोळ्यांना भरलेलं झुडूप उचलण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळा. एकाच बियाण्याच्या शेजारशेजारच्या दोन झुडपांत रबराचा आकडा बराच वेगळा येऊ शकतो, त्यामुळे एका झुडपावरून वाफ्याबद्दल बोलू नका. कापताना जमिनीपासूनची उंची सगळीकडे सारखी ठेवा, समजा १० सेंटिमीटर. मुळांतही रबर असतं, तेव्हा मुळासकट घेतलं की वरून कापलं हे नोंदवलं नाही तर नंतर दोन नमुन्यांची तुलना होत नाही.

कापल्याबरोबर जागेवरच ओलं वजन घ्या. नंतर घेऊ म्हटलं की ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तासाभरात झुडूप हलकं होतं.

तारीख लिहिणं हे कारकुनी काम समजू नका. ग्वायूले रबर साठवतं ते मुख्यतः हिवाळ्यात. रात्री ५ ते ७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड झाल्या की रबर बनवणाऱ्या विकराचं काम वाढतं. त्यामुळे ऑक्टोबरचा आकडा आणि फेब्रुवारीचा आकडा एकाच झुडपाचा असला तरी एक नसतो. वय, शेवटची पाण्याची पाळी, फुलोरा होता की नव्हता, हे सगळं त्याच चिठ्ठीवर.

आता पानांचा प्रश्न. पानांत राळ असते, मेण असतं, हरितद्रव्य असतं, पण रबर नगण्य. समजा फांद्यांत ७ टक्के रबर आहे आणि सुक्या वजनाचा पाचवा हिस्सा पानं आहेत. पानांसकट कुटलं तर आकडा ५.६ येईल, पानं झाडून कुटलं तर ७. दोन्ही आकडे खरे आहेत. एका गटाने पानांसकट मोजायचं, दुसऱ्याने पानांशिवाय, आणि मग कोणाचा वाण सरस यावर चर्चा करायची, असं होताना मी पाहिलं आहे. काहीही निवडा, पण एकच निवडा आणि लिहा.

मेक्सिकोतून किंवा जुन्या साठ्यातून आलेल्या बियाण्यात मारिओला, म्हणजे पार्थेनियम इन्कॅनम, मिसळलेलं असू शकतं. ते ग्वायूलेशी संकर करतं, दिसायला जवळचं, आणि त्यात रबर फार कमी. पानांच्या कडा खोल कातरलेल्या दिसल्या तर ते झुडूप बाजूला काढून तपासा.

वाळवणं

फांद्यांचे बोटाएवढे तुकडे करा आणि वारा खेळता असलेल्या ओव्हनमध्ये ५० ते ६० अंशांवर, साधारण ४८ तास. त्याहून गरम नको. घाई म्हणून ८०-९० वर टाकलेल्या नमुन्यात रबराच्या साखळ्या तुटायला सुरुवात होते. गोठवून वाळवण्याची सोय असेल तर उत्तमच. उन्हात वाळवणं मला मान्य नाही. आपल्याकडे मिरच्या, कुरडया, सगळं गच्चीवर वाळतं म्हणून हात तिकडे जातो, पण अतिनील किरण आणि ऑक्सिजन मिळून रबराची वाट लावतात.

वाळलेले अखंड तुकडे बंद पिशवीत, अंधारात, उणे २० अंशांवर बराच काळ टिकतात. दळलेली पूड टिकत नाही. पेशी फुटली की आतलं रबर उघड्यावर येतं. त्यामुळे आज दळलेलं आजच, फार तर उद्या, थिंबलमध्ये, म्हणजे द्रावण काढताना पूड भरायच्या सच्छिद्र नळकांडीत, गेलं पाहिजे.

दळणं: सगळ्यात जास्त चुका इथे

सुऱ्यांची चक्की वापरा आणि १ मिलिमीटरची जाळी लावा. जमलं तर दुसऱ्या फेरीत ०.५ ची. भरड पुडीत न फुटलेल्या पेशी राहतात, हेक्झेन तिथे पोचत नाही, आणि आकडा खाली येतो. पण फार वेळ दळलं तर चक्की तापते, रबर चिकट होतं आणि पात्यांवर बसतं. उपाय: तुकडे आधी कोरड्या बर्फात किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. थंडीने रबर कडक होतं आणि ठिसूळ तुटतं. थोडं थोडं टाका, मधे मधे थांबा.

आता जी चूक मी स्वतः केली ती सांगतो. लाकूड पटकन भुकटी होऊन जाळीतून खाली पडतं. साल तंतुमय असते, ती जाळीवर दोऱ्यांसारखी राहते. पहिल्या हंगामात मी ते दोरे 'न दळलेला कचरा' म्हणून टाकून देत होतो. पण फांदीतलं बहुतेक रबर सालीतच असतं! म्हणजे मी मोजायची वस्तूच टाकत होतो आणि उरलेल्या लाकडात रबर किती ते अचूक मोजत होतो. कित्येक आठवड्यांचे नमुने पुन्हा करावे लागले. जाळीवर राहिलेलं सगळं परत गोठवा, परत दळा, आणि शेवटी उरेल ते कात्रीने बारीक करून पुडीत मिसळा. चक्कीच्या पात्यांवरचा चिकटा ब्रशने खरवडून त्याच नमुन्यात घाला.

मिसळायची रीत तुम्हाला माती परीक्षणातून ठाऊक असेल. पुडीचा ढीग करायचा, पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढायचे, पुन्हा ढीग. इथेही तेच. फक्त काढलेले भाग फेकू नका, ते फ्रीझरमध्ये राखीव.

ओलावा

पुडीतून २ ग्रॅमचा वेगळा नमुना घेऊन १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. 'स्थिर' म्हणजे लागोपाठच्या दोन वजनांत १-२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक नाही. ग्वायूलेच्या राळेत उडून जाणारी टर्पीनंही असतात, तीही या तापमानाला जातात, त्यामुळे ओलावा किंचित जास्त दिसतो. फार काटेकोर काम असेल तर ७० अंशांवर निर्वात ओव्हन वापरा. १०५ वर तापलेला हा भाग नंतर रबर काढायला वापरायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पहिली फेरी: ॲसिटोन

ही सॉक्सलेटची पद्धत. हे उपकरण फ्रान्झ फॉन सॉक्सलेटने १८७९ मध्ये दुधातली स्निग्धता मोजण्यासाठी मांडलं, आणि आजही रबराच्या प्रयोगशाळेत तुलनेचा मापदंड म्हणून तेच उभं असतं. खाली फ्लास्कमध्ये द्रव उकळतो, वाफ वर जाऊन कंडेन्सरमध्ये थंड होते, थेंब थिंबलमधल्या पुडीवर पडतात, भांडं भरलं की सायफनने सगळं परत फ्लास्कमध्ये उतरतं. पुडीला दर वेळी स्वच्छ द्रव मिळतो, विरघळलेलं खाली साचत जातं.

१. सेल्युलोजचं थिंबल आधी ॲसिटोनने धुऊन, वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून वजन करा. नव्या थिंबलमधूनही थोडं काहीतरी विरघळतं.

२. चार दशांशांच्या काट्यावर ५ ग्रॅम पूड मोजून भरा. वर काचलोकरीचा हलका बोळा ठेवा, नाहीतर बारीक पूड सायफनमधून खाली उतरते. पुडीची उंची सायफनच्या वळणापेक्षा कमी हवी, वर राहिलेला भाग कधीच नीट भिजत नाही.

३. फ्लास्कचं रिकामं वजन घ्या, उकळी शांत ठेवणारे दगडही त्यातच धरून. ॲसिटोन भरा. ते ५६ अंशांवर उकळतं.

४. तासाला पाच-सहा सायफन पडतील एवढी आच ठेवा. ६ ते ८ तास, किंवा वर येणारा द्रव पूर्ण रंगहीन होईपर्यंत. सुरुवातीला तो हिरवट पिवळा असतो. पानं जास्त असतील तर गडद हिरवा.

५. ॲसिटोन रोटाव्हेपरवर, म्हणजे फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली द्रव उडवणाऱ्या यंत्रावर, उडवा, मग फ्लास्क निर्वात ओव्हनमध्ये ४०-५० अंशांवर स्थिर वजनापर्यंत. राळ चिकट, पिवळसर करडी, उग्र वासाची असते. तिचं वजन लिहा.

थिंबलमधली पूड आता फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कप्प्यात) रात्रभर उघडी ठेवा. ॲसिटोन पूर्ण गेलं पाहिजे. ते उरलं तर पुढच्या हेक्झेनमध्ये मिसळतं, आणि ॲसिटोनमिश्रित हेक्झेनमध्ये रबर नीट विरघळत नाही. ॲसिटोनने ओलं थिंबल साध्या ओव्हनमध्ये कधीही टाकू नका. त्या वाफेने ओव्हनचा स्फोट होऊ शकतो.

दुसरी फेरी: हेक्झेन किंवा सायक्लोहेक्झेन

हेक्झेन ६९ अंशांवर उकळतं, सायक्लोहेक्झेन ८१ वर. मी शक्यतो सायक्लोहेक्झेन घेतो: रबर त्यात बरं विरघळतं, आणि साधं हेक्झेन दीर्घकाळ श्वासात गेलं तर हातापायांच्या नसांना इजा करतं.

इथे धीर धरावा लागतो. राळ पटकन निघते, रबर सावकाश. लांब साखळ्या आधी फुगतात, मग एकेक करून सुटतात. १२ ते १६ तास लागतात. थांबायचं कधी? घड्याळावर विसंबू नका. सायफन पडताना त्या द्रवाचे चार-पाच थेंब काचनळीत घ्या आणि त्यात तेवढंच थंड मिथेनॉल टाका. पांढरा ढग उठला किंवा तंतू दिसले तर रबर अजून येतं आहे. द्रव स्वच्छ राहिला तर संपलं. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि पुष्कळ वाद मिटवते.

रबराचं द्रावण घट्ट असतं. रोटाव्हेपरवर घाईने आटवलं तर फेस येऊन वर चढतं. मी ते थोडं आटवून, वजन केलेल्या रुंद ॲल्युमिनियमच्या तबकडीत ओततो, फ्लास्क तीन वेळा थोड्या द्रवाने धुऊन तेही त्यातच, आणि हूडमध्ये उडू देतो. मग निर्वात ओव्हनमध्ये ४०-५० अंश. पातळ थर हवा. जाड थरावर साय धरते, साय खाली द्रव अडकवते, आणि तुम्ही हेक्झेनचं वजन रबर म्हणून लिहिता. तयार झालेला पापुद्रा पारदर्शक, किंचित तपकिरी आणि ताणल्यावर मागे येणारा असावा. चिकट, गूळ वितळल्यासारखा असेल तर एकतर राळ मागे राहिली, नाहीतर रबर तुटलं आहे.

काही जण द्रावणात बीएचटी हा संरक्षक घालतात. घालायला हरकत नाही, पण घातलेलं वजन शेवटी वजा करा.

अजून एक. जोडांना सिलिकॉन ग्रीस लावू नका, रबराची बुचं वापरू नका. हेक्झेन ग्रीस विरघळवून तुमच्या तबकडीत आणून ठेवतं. लॅटेक्सचे हातमोजेही इथे नकोत.

हिशेब

घेतलेली पूड ५.००० ग्रॅम, ओलावा ६ टक्के. म्हणजे सुकी पूड ४.७०० ग्रॅम. राळ निघाली ०.३७६ ग्रॅम, रबर ०.२८२ ग्रॅम.

राळ = ०.३७६ ÷ ४.७०० × १०० = ८.० टक्के
रबर = ०.२८२ ÷ ४.७०० × १०० = ६.० टक्के

ओलावा विसरून ५ ने भागलं असतं तर रबर ५.६४ आलं असतं. वाण-वाणांतला फरक कित्येकदा एवढाच असतो.

शेवटी थिंबलमधला उरलेला चोथा वाळवून त्याचंही वजन करा. राळ, रबर आणि चोथा मिळून सुरुवातीच्या सुक्या वजनाजवळ यायला हवेत. दोन टक्क्यांहून जास्त तूट पडली तर काहीतरी सांडलं, उडालं किंवा सायफनमधून पूड खाली गेली. हा पडताळा फुकट आहे, आणि तरी फार थोडे लोक करतात.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

प्रत्येक नमुना तीनदा करा. प्रत्येक खेपेत एक रिकामं थिंबल सोबत चालवा, त्यातून जे वजन येईल ते वजा करा. आणि एक ओळखीचा नमुना ठेवा: एकाच वाफ्यातल्या पुष्कळ फांद्यांचे तुकडे नीट मिसळून, लहान लहान पाकिटांत निर्वात सील करून, उणे २० वर. दर खेपेत एक पाकीट उघडायचं, दळायचं, मोजायचं. त्याचा आकडा खाली सरकला तर आधी स्वतःच्या हाताकडे आणि चक्कीच्या जाळीकडे बघा, नव्या वाणांबद्दलचे निष्कर्ष थांबवा.

तबकडीतलं ते खरोखर रबर आहे का, याची खात्री इन्फ्रारेडवर होते. ८३५ च्या आसपासच्या तरंगसंख्येला सिस-पॉलिआयसोप्रीनची ओळखीची खूण दिसते. १७०० च्या जवळ मोठा उंचवटा असेल तर मेदाम्लं आणि एस्टर मागे राहिले आहेत, किंवा रबराचं ऑक्सिडीकरण झालं आहे. पापुद्रा पुन्हा सायक्लोहेक्झेनमध्ये विरघळवून, मिथेनॉलने साका पाडून, परत वजन केलं की अशुद्धी किती होती ते कळतं. टिकाऊ मालाच्या दृष्टीने रेणुभारही पाहावा लागतो. चांगल्या ग्वायूले रबराचा सरासरी रेणुभार १० लाखांच्या वर जातो. टक्केवारी छान आणि साखळ्या तुटलेल्या, असा नमुना टायरच्या उपयोगाचा नाही.

वेगवान पद्धती

सॉक्सलेटवर एका नमुन्याला दोन दिवस जातात. पैदासकाराकडे हजार झुडपं असतात. म्हणून दाबाखाली द्रावण काढणारं यंत्र आलं. पोलादी नळकांड्यात पूड आणि वाळू भरायची, सुमारे १,५०० पीएसआय दाबाखाली द्रव उकळबिंदूच्या वर गरम करूनही द्रवच ठेवायचा, आधी ॲसिटोन, मग सायक्लोहेक्झेन. दोन दिवसांचं काम काही तासांवर येतं. वाळू विसरू नका. ती नसेल तर फुगलेलं रबर नळकांड्याचं तोंड बुजवतं. तापमान किती वाढवायचं ते आपल्या नमुन्यावर सॉक्सलेटशी ताडून ठरवा.

त्याहून वेगवान म्हणजे जवळच्या अवरक्त प्रकाशाचा मोजमापक. पुडीवर प्रकाश टाकला, मिनिटभरात आकडा. पण हे यंत्र स्वतः काही मोजत नाही. तुम्ही सॉक्सलेटवर काढलेले आकडे त्याला शिकवायचे, आणि ते नव्या नमुन्याचा अंदाज करतं. ज्या वाणांवर, ज्या ऋतूत शिकवलं त्याबाहेर गेलं की अंदाज भरकटतो. हाताने द्रावण काढणं शिकल्याशिवाय या यंत्रापाशी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रशियन डँडेलियनसाठी बदल

ग्वायूलेखेरीज रबर देणारं आणखी एक रोप म्हणजे रशियन डँडेलियन, ऊर्फ कॉक-सागीज. हे कझाकस्तानातल्या तियान शान पर्वतराजीत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत शोधमोहिमांना सापडलेलं डँडेलियन. जर्मनीत कॉन्टिनेन्टलने त्याच्या रबरापासून सायकलचे टायर बाजारात आणले. इथे चित्र वेगळं आहे. रबर मुळांत, आणि खऱ्या चिकनळ्यांत. वाळलेलं मूळ सावकाश मोडून दोन टोकं ओढली तर मधे रेशमासारखे बारीक तंतू ताणले जातात. ते रबर. साध्या डँडेलियनशी झालेल्या संकरात हे तंतू जवळपास दिसत नाहीत, म्हणून शेतात चाळणी लावायला ही मोड-ओढ चाचणी फार उपयोगी पडते.

मुळं पूर्ण धुवा. माती राहिली तर सुकं वजन फुगतं आणि टक्केवारी पडते. पण तोडू नका, तुटल्या टोकातून चीक पाण्यात जातो. मुळांत इन्युलिन ही साखरेची साठवण भरपूर असते, कित्येकदा सुक्या वजनाच्या पाव हिश्शाहून जास्त. म्हणून ॲसिटोनच्या आधी गरम पाण्याची एक फेरी घाला, आणि पूड पुन्हा पूर्ण वाळवून मगच पुढे जा. मुळांत जुनं, गोठून बसलेलं रबर असेल तर त्याचा काही भाग हेक्झेनमध्ये फुगतो पण विरघळत नाही. चोथ्यात लवचिक तुकडे हाताला लागले तर तुमचा आकडा कमी आहे असं समजा आणि तसं लिहा.

अंगावर येणाऱ्या गोष्टी

दोन्ही द्रव पेट घेतात, तेव्हा उघडी ज्योत नाही, शेगडी नाही, हीटिंग मँटल किंवा वॉटर बाथच. कंडेन्सरचं पाणी बंद पडलं तर रात्रीतून सगळं हेक्झेन खोलीत येतं, त्यामुळे एकट्याने रात्रभर चालवू नका. नायट्राइलचे मोजे हेक्झेनला ठीक, पण ॲसिटोन त्यांतून लवकर आत शिरतं, भिजले की लगेच बदला. आणि राळ उघड्या हाताने हाताळू नका. तिच्यातलं ग्वायुलिन-ए प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्वचेला जोरदार ॲलर्जी आणणारं ठरलं आहे. गाजरगवत उपटून ज्यांच्या हातांना पुरळ उठली आहे त्यांनी तर दुप्पट जपावं. दळताना धुळीचा मास्क हवाच.

आकडा पुढे देताना

नुसतं '६ टक्के' असं कोणाला पाठवू नका. सोबत हे असू द्या: झुडपाचं वय, कापणीची तारीख आणि उंची, पानं होती की नव्हती, वाळवण्याचं तापमान, दळणं आणि द्रावण काढणं यांत गेलेले दिवस, जाळीचं माप, कोणते द्रव, किती तास, तीन वाचनं वेगवेगळी. सरासरीबरोबर तीनही आकडे द्या, ते लपवू नका.

शेतकऱ्याला टक्केवारीपेक्षा हेक्टरी किलो हवे असतात. हेक्टरी २० टन सुका पाला-फांद्या आणि ६ टक्के रबर असेल तर १,२०० किलो. ८ टक्क्यांचा वाण हेक्टरी १२ टनच देत असेल तर ९६० किलो. पैदासकार कित्येकदा ८ वर खूश होतात, म्हणून हे दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवा. आणि इथे गुणाकार करताना वजन पानांसकटचं असेल तर टक्केवारीही पानांसकटचीच घ्या. पानांशिवायचे ७ टक्के पानांसकटच्या २० टनांना लावले तर ज्या शेतात १,१२० किलो रबर आहे तिथे तुम्ही १,४०० किलो दाखवाल, आणि कारखान्यात ते कोणालाच सापडणार नाही.